ॲसाटीगच्या किनाऱ्यासाठी वीज मागू नका

मेरीलँड, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि वॉशिंग्टन परिसरातल्या सर्व मराठी कुटुंबांना,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सहलींचे बेत सुरू झाले आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर एक निवेदन फिरू लागलं. ॲसाटीग बेटावरच्या कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक साइटला वीज आणि पाण्याची जोडणी द्यावी, फ्लशचे संडास बांधावेत, आंघोळीला गरम पाणी असावं, अशी मागणी नॅशनल पार्क सर्व्हिसकडे करायची आणि त्याखाली जास्तीत जास्त मराठी कुटुंबांच्या सह्या घ्यायच्या, असं ठरलं आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांचा हेतू चांगला आहे. मागण्याही वरवर वाजवी वाटतात. भारतातून आलेल्या आईला रात्री टॉर्च घेऊन वाळूतून संडासला न्यावं लागतं तेव्हा जीव खालीवर होतो, हे कुणालाही पटेल. तरीही मी सही केलेली नाही, आणि तुम्हीही करू नये अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

ज्यांनी ॲसाटीग अजून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अटलांटिकच्या काठाला समांतर पडलेलं हे ३७ मैल लांबीचं वाळूचं अरुंद बेट आहे. वरचा भाग मेरीलँडमध्ये, खालचा व्हर्जिनियात. बे ब्रिज ओलांडून रूट ५० नं पूर्वेकडे जायचं, बर्लिन गाव मागे टाकून रूट ६११ धरायचा, आणि सिनेपक्सेंट खाडीवरचा पूल चढला की समोर बेट दिसतं. एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खाजण, मधे वाळूच्या टेकड्या, झुडपं आणि थोडं पाइनचं रान. पार्क सर्व्हिसची कॅम्पग्राउंड दोन आहेत, समुद्राकडचं ओशनसाइड आणि खाडीकडचं बेसाइड. ओशनसाइडला काही साइटवर ट्रेलर किंवा आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, थेट लावता येते. काही साइट ‘वॉक-इन’ आहेत, म्हणजे गाडी पार्किंगमध्ये ठेवायची आणि तंबू, कूलर (खाण्याची बर्फपेटी), अंथरुणं हातानं वाहून न्यायची. साइटवर एक टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. पिण्याच्या पाण्याचे नळ, थंड पाण्याचे शॉवर, फ्लश नसलेले संडास, आरव्हीची टाकी रिकामी करायला डंप स्टेशन. एवढंच. ओशनसाइडला सावली मिळेल या भरवशावर तर जाऊच नये.

‘सरकारी अनास्थेमुळे साध्या सोयीसुद्धा नाहीत’ असं त्या निवेदनात एक वाक्य आहे. माझा मुख्य आक्षेप त्या वाक्याला आहे, कारण ते खरं नाही. हे कॅम्पग्राउंड इतकं साधं आहे ते कुणी दुर्लक्ष केलं म्हणून नव्हे. ते तसं राहावं म्हणून लोक भांडले आहेत.

१९५० च्या दशकात या बेटावर ‘ओशन बीच’ नावाची वसाहत आखली गेली होती. सुमारे ५,००० प्लॉट पाडले गेले, आणि मधून ‘बॉल्टिमोर बुलेव्हार्ड’ नावाचा डांबरी रस्ता टाकला गेला. काही घरं उभीही राहिली. मग मार्च १९६२ मध्ये वादळ आलं, ज्याला इकडे ‘ॲश वेन्सडे’ वादळ म्हणतात. ६ ते ८ मार्च असं ते किनाऱ्यालगत रेंगाळलं. लागोपाठ पाच भरत्या त्याच्या तडाख्यात आल्या. एका भरतीचं पाणी पुरतं ओसरायच्या आत दुसरी यायची. समुद्र बेटावरून आरपार गेला, बहुतेक घरं गेली, रस्ता उखडला आणि उरलेला वाळूखाली गाडला गेला. त्यानंतर इथं घर बांधायचा धीर फारसा कुणाला उरला नाही, आणि बेट सार्वजनिक करावं या मागणीला जोर आला. २१ सप्टेंबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि ॲसाटीग आयलंड नॅशनल सीशोअर, म्हणजे संरक्षित राष्ट्रीय किनारा, अस्तित्वात आलं.

गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. १९६५ च्या मूळ कायद्यातच बेटावरून लांब रस्ता काढण्याची आणि मुक्कामाच्या व्यावसायिक सोयी बांधण्याची तरतूद होती. वादळ होऊन तीनच वर्षं झाली होती, तरीही. १९७० मध्ये ज्युडी जॉन्सन यांनी बेट वाचवण्यासाठी नागरिकांची समिती उभी केली. सामान्य माणसांनी पत्रं लिहिली, सुनावण्यांना हजेऱ्या लावल्या, नेट सोडला नाही. १९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं रस्त्याची आणि त्या बांधकामाची तरतूद कायद्यातून काढून टाकली. आज आपण तंबूतून बाहेर येतो आणि वाळूच्या टेकडीपलीकडे थेट समुद्र असतो, मधे हॉटेलची भिंत नसते, ती त्या माणसांची कमाई आहे. त्यांच्या पदरात जे पडलं ते काढून घ्या, असं आपल्या समाजाच्या नावानं कुणी सरकारला लिहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या जुन्या रस्त्याचे अवशेष अजून दिसतात. ‘लाइफ ऑफ द ड्यून्स’ नावाची एक छोटी पायवाट आहे, मुलं सहज चालतात. वाटेत वाळूतून काळ्या डांबराच्या लाद्या वर आलेल्या आहेत, कडा तुटलेल्या, भेगांतून गवत उगवलेलं. हात लावून बघा. आपल्याकडे खेड्यात रस्ता होतो तसाच जाड थर आहे, बोटाएवढी खडी स्पष्ट दिसते. आणि आजूबाजूला एकही घर नाही.

आता विजेच्या मागणीकडे येते. वीज म्हणजे केबल, केबल म्हणजे चर, आणि फ्लश म्हणजे नळ, ड्रेनेज, सांडपाण्याची यंत्रणा. हे सगळं पुरायचं कशात, तर वाळूत, आणि ही वाळू एका जागी राहत नाही. मोठ्या वादळात लाटा टेकड्या फोडून आत येतात, समुद्राकडची वाळू उचलून खाडीच्या बाजूला नेऊन टाकतात, आणि असं करत करत सगळं बेट हळूहळू जमिनीच्या दिशेनं सरकतं. ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळानं ओशन सिटीच्या दक्षिणेला बेट तोडून नवी वाट पाडली. ती वाट बोटींसाठी कायम उघडी राहावी म्हणून दोन्ही बाजूंना समुद्रात घुसणाऱ्या दगडी भिंती, म्हणजे जेटी, बांधल्या. उत्तरेकडून वाहत येणारी वाळू जेटीला अडली, आणि ॲसाटीगचं उत्तर टोक उपाशी राहून हजार फुटांहून जास्त पश्चिमेला सरकलं. आता लष्कराच्या इंजिनिअर खात्याला ड्रेजर लावून ती अडलेली वाळू पुन्हा बेटाच्या पुढ्यात आणून टाकावी लागते. २००४ पासून हे चालू आहे.

कोकणातून आलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. किनाऱ्याला पक्कं बांधकाम झालं की ते वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा लागतो, बंधाऱ्याच्या शेजारचा किनारा खचला की तिथंही बंधारा लागतो, आणि शेवटी पुळण नावाला उरते. ॲसाटीगला हे टाळायचं म्हणून पार्किंगसुद्धा असं केलेलं आहे की वादळानं खाल्लं तर मागे सरकवता यावं, आणि शॉवर-संडासाच्या इमारती उचलून नेता याव्यात. पार्कनं समुद्राशी जुळवून घेतलं आहे. आपल्याला दोन रात्री जुळवून घ्यायचं आहे.

आणि ते फार अवघड नाही. अडचण अशी आहे की आपल्यापैकी बरेच जण हॉटेलची तयारी करून कॅम्पिंगला जातात.

आरव्ही भाड्यानं घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. जोडणी नसलेल्या जागी राहायचं तर पिण्याची टाकी बाहेरून भरून यायची, दोन्ही सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या आहेत याची गाडी ताब्यात घेतानाच खात्री करायची, आणि बॅटरी पूर्ण चार्ज आहे का ते बघायचं. दिवे, पाण्याचा पंप, फोन यांना बॅटरी दोन दिवस पुरते. फ्रिज आणि शेगडी प्रोपेनवर चालतात. चालत नाही तो एसी. त्यासाठी जनरेटर लागतो, त्याच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि त्या वेळांतही तो लावावा का याचा विचार करावा, कारण तीस फुटांवर तंबूत कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं. एसीशिवाय जमणार नसेल तर ऑगस्टमध्ये आरव्ही नेऊच नये. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर बघावा. भांडी धुतल्याचं पाणी वाळूत सोडायचं नाही, टाकीतच जाऊ द्यायचं. आणि आरव्ही आखलेल्या जागेच्या बाहेर एक चाकही नेऊ नये. ते जड धूड वाळूत रुतलं की टो ट्रक येईपर्यंत सगळा दिवस जातो.

तंबूवाल्यांची खरी परीक्षा वारा घेतो. तंबूबरोबर येतात त्या वीतभर लांबीच्या खुंट्या वाळूत काहीही धरत नाहीत. दुपारचा खारा वारा सुटला की त्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात, आणि तंबू टेकडीकडे लोळत जातो. वाळूसाठी वेगळ्या, लांब आणि रुंद पात्याच्या खुंट्या मिळतात, त्या घ्या. नसतील तर कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड दोरीनं आवळा, दोरीचं दुसरं टोक तंबूच्या कडीला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरून वरची वाळू पायानं दाबा. अशी पुरलेली पिशवी दोन माणसांनी ओढूनही चटकन निघत नाही. तंबूचं दार वाऱ्याच्या दिशेला ठेवू नका, नाहीतर सकाळी पोह्यांत वाळू लागेल आणि ती दिवसभर दातात राहील.

डासांबद्दल लोक फार तक्रार करतात, निवेदनातही ‘औषध फवारणी करावी’ असा मुद्दा आहे. खाजण आहे तिथं डास असणार. बेसाइडला ते जास्त असतात. ओशनसाइडला समुद्रावरून वारा आहे तोवर ठीक असतं, आणि वारा फिरून मतलई झाला, जमिनीकडून यायला लागला, की खाडीकडचे सगळे डास आणि त्या हिरव्या डोळ्यांच्या चावऱ्या माश्या आपल्याकडे येतात. तेव्हा निघण्यापूर्वी पावसाबरोबर वाऱ्याची दिशाही बघत जा. लांब बाह्यांचे पातळ कपडे, चांगलं रिपेलंट, आणि जाळीचा मंडप एवढ्यावर भागतं. गवतातून चालून आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड शोधायला मात्र विसरू नका. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम हा आजार इकडे खरोखरच होतो. पण त्या खाजणावर फवारणी करा असं म्हणणं मला पटत नाही. बगळे, खेकडे, माशांची पिल्लं, सगळ्यांचं पोट त्या चिखलावर आहे.

आता घोड्यांबद्दल, आणि इथं मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

ॲसाटीगचे रानटी घोडे सगळ्यांना ओढतात. बुटके, पोट सुटलेले, बऱ्याच जणांच्या अंगावर पांढरे-तपकिरी डाग. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आले अशी एक आवडती कथा आहे. अधिक शक्यता अशी की सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी कुंपणाचे कायदे आणि गुरांवरचा कर चुकवायला जनावरं बेटावर चरायला सोडली, त्यांचे हे वंशज. खाजणातलं खारट गवत खातात, मग त्यावर भरपूर पाणी पितात, म्हणून पोट फुगलेलं दिसतं. घोडीच्या पोटात शिंगरू आहे असं समजून आपल्याकडच्या बायका हळहळतात, पण बहुतेक वेळा ते नुसतं पाणी असतं. व्हर्जिनियाकडचा कळप शेजारच्या शिंकटीग बेटावरच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा आहे आणि दर जुलैत तो खाडीतून पोहवत पलीकडे नेतात. मेरीलँडकडचा कळप पार्क सर्व्हिस सांभाळते. बेटाला झेपेल इतकेच घोडे राहावेत म्हणून १९९४ मध्ये घोडींना बारीक बाणातून गर्भनिरोधक लस द्यायला सुरुवात झाली. बाकी त्यांच्या जगण्यात कुणी हात घालत नाही. चारा घालत नाहीत, तबेला नाही.

त्यांच्यापासून किमान ४० फूट लांब राहायचं हा नियम आहे. एका स्कूल बसएवढं अंतर म्हणा. घोडा स्वतःहून आपल्याकडे आला तर मागे सरकायचं काम आपलं. खायला घालणं आणि हात लावणं, दोन्ही बेकायदा आहे.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या साइटवर आपल्यापैकीच काही कुटुंबं होती. टेबलावर न्याहारी मांडलेली, मधोमध पराती झाकून ठेवलेल्या, खाली कूलर. एक घोडा झुडपांतून शांतपणे आला. त्याला तिथली वाट पाठ असावी, कारण तो सरळ टेबलापाशी गेला, नाकानं परातीवरचं झाकण सरकवलं आणि थालीपिठं खायला लागला. माणसं हसत होती, फोन काढून व्हिडिओ करत होती. एका आजोबांनी मायेनं सफरचंद पुढे केलं. ते संपल्यावर घोड्यानं त्यांच्या हाताकडे मान वळवली, हातात काही नव्हतं, तर त्यानं बाहीच धरली. बाही फाटली, आजोबा मागे पडले, सुदैवानं वाळू होती. सात-आठ वर्षांचा नातू जोरात रडायला लागला. रेंजर आली, तिनं आवाज न चढवता सगळं समजावून सांगितलं, आणि जाताना म्हणाली की खरी काळजी तिला घोड्याची वाटते.

तिची काळजी समजायची असेल तर २०२२ साली काय झालं ते ऐका. ‘डेलिगेट्स प्राइड’ नावाचा एक घोडा होता, लोक त्याला ‘चिप’ म्हणत. कॅम्पग्राउंडमध्ये माणसांचं खाणं मिळतं हे त्याला कळलं, आणि ते मिळवायला तो आक्रमक होत गेला. लोकांना इजा होऊ लागली. शेवटी त्याला कळपातून काढून टेक्ससमधल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात पाठवावं लागलं. समुद्र, खाजण, त्याचे सोबती, सगळं सुटलं. त्याचा दोष एवढाच की कुणीतरी त्याला पहिल्यांदा पावाचा तुकडा दिला. शिवाय खाण्याच्या आशेनं घोडे रस्त्याच्या कडेला उभे राहायला शिकतात, आणि इथं गाड्यांखाली येऊन घोडे मेले आहेत.

आपल्याकडे दारी आलेल्या जनावराला घास घालणं हे पुण्याचं काम. गाईला घास घातल्याशिवाय न जेवणारी माणसं माझ्या घरात होती, आणि त्या संस्काराबद्दल मला आदर आहे. पण ती गाय घरची असते, तिचा गोठा असतो, तिला धनी असतो. या घोड्याला धनी नाही. त्याचं भलं आपण दूर राहण्यात आहे. आई-वडिलांना हे विमानतळावरून घरी येताना सांगू नका, निघायच्या आदल्या दिवशी सांगा, बेटाच्या पुलापाशी पुन्हा सांगा. मुख्य भूमीच्या बाजूला, पूल चढायच्या आधीच, पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे. तिथं अर्धा तास थांबून मुलांना आत नेलंत तर मुलंच आजी-आजोबांना सांगतील.

म्हणून स्वयंपाक सोपा ठेवा. मी दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे असं घरूनच नेते आणि तिथं फक्त भात, पिठलं, चहा करते. दहा भांड्यांचा स्वयंपाक मांडला की अर्धं खाणं टेबलावर उघडं पडतं, तेलकट भांडी रात्रभर तशीच राहतात, आणि मग रॅकून येतात. एकूण एक खाण्याची वस्तू, टूथपेस्टसकट, गाडीत बंद ठेवायची. वॉक-इन साइटवर टेबलाखाली ठेवायला जागा केलेली असते, कूलरला पट्टा आवळायचा. चहाचा चोथा, कांद्याची सालं ‘निसर्गातच जिरतील’ म्हणून झुडपात टाकू नका. पिशवीत भरा.

शेकोटीचं एक वेगळं सांगायला हवं. लाकूड घरून आणू नका, तिथल्या आसपासच विकत घ्या. जुन्या लाकडातून किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, आणि इकडची ॲशची झाडं अशा एका किड्यानं झपाट्यानं मेली आहेत. निखारे विझवायला पाणीच ओता, वाळू लोटू नका. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगता राहतो, वरून काही दिसत नाही, आणि पहाटे अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय त्यावर पडतो.

आणि टेकड्यांवर चढू नका. समुद्राकडे जायला लाकडी वाटा केलेल्या आहेत. टेकडी उभी आहे ती त्या गवताच्या मुळांवर, आणि ते गवत मीठ सोसतं, वादळ सोसतं, पण पाय सोसत नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात किनाऱ्याचा काही भाग दोरी लावून बंद करतात, कारण पायपिंग प्लव्हर नावाचा चिमुकला पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडला तरी कळणार नाही. १९८६ पासून हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना आपलेच लोक दोरीच्या अलीकडे तासभर शिस्तीत उभे राहतात, लहान मुलंसुद्धा. तेच इथं करायचं आहे.

निवेदनातला ज्येष्ठांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, रात्री दोनदा उठावं लागतं, थंड पाण्यानं आंघोळ झेपत नाही, त्यांनी काय करायचं? त्याच बेटावर, पार्क सर्व्हिसच्या हद्दीला लागून, मेरीलँड राज्याचं ॲसाटीग स्टेट पार्क आहे. तिथं गरम पाण्याचे शॉवर आहेत, फ्लशचे संडास आहेत, काही साइटवर वीजही आहे. समुद्र तोच, वाळू तीच, घोडेही तेच फिरतात. आजी-आजोबा बरोबर असतील तेव्हा तिथलं बुकिंग करा. म्हणजे जी सोय मागण्यासाठी सह्या चालल्या आहेत ती शेजारीच आधीपासून आहे. प्रश्न फक्त लवकर बुकिंग करण्याचा आहे. नॅशनल सीशोअरकडचं बुकिंगही साधारण सहा महिने आधी उघडतं, आणि मेच्या शेवटी येणाऱ्या मेमोरियल डेच्या आठवड्यात जागा मिळत नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. १६ नोव्हेंबर ते १४ मार्च या काळात मात्र जो आधी येईल त्याला जागा. ज्यांची हाडं थंडी सोसतात त्यांनी एकदा नोव्हेंबरच्या शेवटी जाऊन बघावं. डास नाहीत, गर्दी नाही, आणि रात्री आकाश इतकं भरलेलं असतं की मुलं झोपायला तयार होत नाहीत.

मोठ्या गटानं जाणाऱ्यांना एक विनंती. स्पीकर घरी ठेवा. अंताक्षरी जरूर खेळा, शेकोटीभोवती बसून गळ्यानं गा, शेजारचे लोक येऊन ऐकतात असा माझा अनुभव आहे. यंत्रातून आलेला आवाज मात्र त्या किनाऱ्यावर फार लांब जातो, आणि लाटांचा आवाज ऐकायला दुरून आलेल्या माणसांच्या वाट्याला तोच येतो. शांततेच्या वेळा पाळणं हा नियम आहेच, पण दिवसाही थोडं भान ठेवू या.

निवेदन तयार करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आता थेट तुमच्याशी बोलते. तुम्ही सह्या जमवू शकता, ही मोठी गोष्ट आहे. ती ताकद वाया जाऊ देऊ नका. मजकूर बदला. वीज, फ्लश, फवारणी हे तिन्ही मुद्दे काढा. त्याऐवजी प्रत्येक साइटवर घोड्याला उघडता येणार नाही अशी खाण्याची पेटी मागा. वाळूत चालणाऱ्या व्हीलचेअर पार्ककडे असतात, त्या वाढवायला सांगा, आणि वॉक-इन साइटच्या काही वाटांवर अंथरायच्या चटया मागा. या सगळ्या गोष्टी वादळाच्या आधी उचलून नेता येतात. सोबत हेही लिहा की आपली मंडळी वर्षातून एकदा किनारा साफ करायला येतील, आणि ते खरोखर करा. गटानं जाणाऱ्या कुटुंबांसाठी घोडे, खाणं, शेकोटी आणि टेकड्या यांबद्दल एक पानभर मराठी सूचना मी लिहून देते. तुम्ही ती सहलीच्या नोंदणीबरोबर प्रत्येकाला पाठवा.

हे झालं तर त्या कागदावर पहिली सही मी करीन. मजकुरावर बसायचं असेल तर कुठल्याही शनिवारी माझ्या घरी या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बॉल्टिमोरजवळ राहणारी, दर वर्षी ॲसाटीगला तंबू ठोकणारी एक मराठी शेजारीण